पेन क्लिनिकची तारीख २३ दिवसांनी मिळाली. तोवर पेशंटनं काय करायचं?

गोदाकाठ

हा धागा बरेच दिवस मनात होता. अण्णांना जाऊन आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या हातात अगदी आम्हाला मिळाली होती तशीच चिठ्ठी पाहिली. वर 'पेन क्लिनिक', खाली शिक्का, आणि पुढच्या महिन्याची तारीख. म्हणून आज बसून लिहितेय.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. प्रोस्टेटचा कॅन्सर, कळला तेव्हाच हाडांत उतरलेला. कंबरेचे मणके आणि डावा खुबा. हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं, पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा रक्तातला आकडा) खाली आला, डॉक्टर म्हणाले औषध चांगलं लागू पडतंय. कागदावर सगळं ठीक होतं. घरात मात्र अण्णांना रात्री पाठ टेकता येत नव्हती. पलंगाच्या कडेला बसायचे, दोन्ही हातांनी पट्टी धरून, आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. मी उठले की म्हणायचे, "तू झोप बाई. पाचला दूधवाला येतो, तोवर निघतं कसंतरी."

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही) दोन तारखा मिळाल्या. पेन क्लिनिकची २३ दिवसांनी आणि खुब्यावरच्या रेडिएशनची साडेपाच आठवड्यांनी. खिडकीवरचा मुलगा उर्मट नव्हता. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवून दाखवलं, "ताई, बघा ना, जागाच नाही." मला ते पटलं, याचं आज वाईट वाटतं. सोनोग्राफीला रांग असते, ऑपरेशनला असते, तशी यालाही असणार असं मी धरून चालले. घरी येऊन कॅलेंडरवर गोल केला.

मधल्या दिवसांत गावातले डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचे. चार तास बरे जायचे. मग दिवसाला दोन झाली. अकराव्या दिवशी पायांवर सूज आली, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण. म्हणजे तेही बंद.

बाराव्या दिवशी आतेबहिणीचा फोन आला. ती परिचारिका आहे. म्हणाली, "वही कर. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापुढे दुखणंच नाही. दर चार तासांनी आकडा लिही." अण्णांनी जुनी दोनशे पानी वही काढली, पट्टी घेतली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले. उभ्या तारखा, आडव्या वेळा. ६, १०, २, ६, १०, २. आयुष्यभर मुलांना गुण दिले, आता स्वतःच्या दुखण्याला देत होते, आणि तेही तितक्याच काटेकोरपणे. एकदा मी ८ लिहिला तर खोडायला लावला. "आठ काल होतं. आज सात आहे. सात लिही." रात्री दोनच्या रकान्यात मात्र पाच दिवस सलग ९.

ती वही घेऊन तारीख नसताना गेलो. खिडकीवर गेलोच नाही, कॅन्सरच्या ओपीडीत बसलो आणि आमची पाळी आल्यावर वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पान उलटलं, परत मागे आले, रात्री दोनच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं. मग स्वतः उठून आम्हाला वरच्या मजल्यावर पॅलिएटिव्ह विभागात (दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग) घेऊन गेले. किडनीचा रिपोर्ट पाहून तिथल्या डॉक्टरांनी बेतानं डोस ठरवला. तासाभरात मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरकस वेदनाशामकाच्या, गोळ्या हातात होत्या.

मला जे सांगायचंय ते हे. रजिस्टरमध्ये जागा त्या दिवशीही नव्हती. पण गोळ्यांना त्या रजिस्टरमधली जागा लागतच नव्हती. ती तारीख होती नसेजवळ सुई देण्याच्या प्रक्रियेची. गोळ्या पहिल्या दिवशीही मिळाल्या असत्या. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पहिल्या रात्री दोनच्या रकान्यात ४. दुसऱ्या रात्री तो रकाना कोरा आहे, कारण अण्णा झोपले होते आणि उठवायचा मला धीर झाला नाही.

तुमचे अनुभव लिहा. कुणी डॉक्टर, सिस्टर असतील तर कृपया सांगा, तारीख दूरची असेल तर मधल्या दिवसांत नेमकं काय मागायचं?

शेवंती

वाचताना दोनदा थांबले. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, २००९ साली. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं होतं आणि आम्ही भावंडांनी बसून ठरवलं की द्यायचं नाही. सवय लागेल, गुंगीत राहील, आपल्याशी बोलणार नाही. मामा म्हणाले, मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, ते दिलं की संपलं. आई सात आठवडे जगली. त्या सात आठवड्यांत ती तशीही आमच्याशी बोलली नाही. पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडून असायची. गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच राहिली.

तुमच्याकडे रांग आडवी आली. आमच्याकडे औषध घरात होतं आणि आम्हीच आडवे आलो. हे कुणाला तरी सांगायचं होतं.

जुनीविहीर

शेवंतीताई, स्वतःला इतका दोष देऊ नका. तेव्हा तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नसणार.

भूलशास्त्र

मी भूलतज्ज्ञ, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. गोदाकाठताई, तुमचा मुद्दा इतका नेमका आहे की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी रांग का लागते ते. आमच्याकडे पेन ओपीडी आठवड्यातून दोन दिवस. उरलेले दिवस आम्हीच डॉक्टर शस्त्रक्रियागृहात भूल देत असतो. नसेच्या सुईसाठी सी-आर्म (सुई कुठे जातेय ते दाखवणारं एक्स-रे) मशीन लागतं, ते अस्थिरोग विभागाबरोबर वाटून घ्यावं लागतं. एखादा अपघात आला की आमची यादी पुढच्या आठवड्यात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून दुखणं बरंच उतरवता येतं. त्यासाठी माणूस, मशीन आणि रिकामं टेबल ही तिन्ही एका दिवशी जुळावी लागतात. तिथे तारीख लागणार, ते मी नाकारत नाही.

औषधाचं तसं नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. आधी पॅरासिटामॉलसारखी, मग कोडीन किंवा ट्रॅमॅडॉलसारखी, मग मॉर्फिन. त्यातलं मूळ तत्त्व असं की औषध तोंडानं द्यायचं आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही. यातलं काहीच तारखेवाचून अडत नाही. तीव्र दुखत असेल तर खालच्या पायऱ्यांवर आठवडे काढायचीही गरज नसते. म्हणून खिडकीवर एकच प्रश्न विचारा, "ही तारीख प्रक्रियेची आहे की औषधाची?" प्रक्रियेची असेल तर औषधासाठी त्याच दिवशी कुठल्या खोलीत जायचं ते विचारा.

रेडिएशनबद्दल. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं गुंतागुंतीचं नसेल तर ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस दहा बैठकींइतकाच आराम देतो, हे अनेक चाचण्यांत दिसून आलंय. फरक इतकाच की एका डोसानंतर पुढे पुन्हा द्यावा लागण्याचं प्रमाण जास्त असतं. तरी मशीनवर लागोपाठ दहा दिवस मिळण्यापेक्षा एक दिवस मिळणं केव्हाही सोपं. आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, "एका बैठकीत होण्यासारखं आहे का?" आराम लगेच पडत नाही, काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. पहिले एक-दोन दिवस ठणका वाढूही शकतो, त्यामुळे गोळ्या चालूच ठेवायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मणक्यात कॅन्सर असलेल्या माणसाला पाय जड वाटू लागले, चालताना गुडघे वाकायला लागले, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर ती रांगेची गोष्टच नाही. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात न्या. एक दिवस थांबल्यानं माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

शेवंतीताई, सवयीबद्दल. कॅन्सरच्या दुखण्यावर नीट मोजून दिलेल्या मॉर्फिननं माणूस व्यसनी होणं हे क्वचितच घडतं. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून बंद करताना हळूहळू कमी करतात. गुंगी बहुतेकांना पहिले दोन-चार दिवस असते, मग उतरते. ते 'शेवटचं औषध' तर मुळीच नाही. ते घेत वर्षानुवर्षं कामावर जाणारे पेशंट आहेत.

औषधवाला

तालुक्याच्या गावी २२ वर्षं मेडिकल चालवतोय. डॉक्टरसाहेब सांगतात ते शहरात ठीक. आमच्या दुकानात महिन्यातून एखादा माणूस चिठ्ठी घेऊन येतो, कधीकधी रडवेला होऊन, आणि मला नाही म्हणावं लागतं. मॉर्फिन मी ठेवत नाही, आजूबाजूच्या तालुक्यांतही कुणी ठेवत असेल असं वाटत नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आमच्या धंद्यात सगळ्यांनी लहानपणीच्या भुतासारखा डोक्यात ठेवलाय. नोंदीत एक गोळी कमी भरली तर काय, या भीतीनं माणूस त्या वाटेलाच जात नाही. २०१८ मध्ये ट्रॅमॅडॉलही त्या कायद्याखाली आलं, तेव्हा कित्येकांनी तेही काढून टाकलं.

मला खरंच विचारायचंय. लोकांना मी पाठवू कुठे?

भूलशास्त्र

औषधवाले दादा, तुमची भीती खोटी नाही. १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिनसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने घ्यावे लागत. एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. रुग्णालयांनीच नाद सोडला. १९९७ साली साऱ्या देशाचा वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १८ किलोवर घसरला होता. आणि हे त्या देशात, जिथे मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि नीमच व गाझीपूरला तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो आणि दरवर्षी मला त्याचा त्रास होतो.

२०१४ मध्ये संसदेनं कायदा बदलला. 'अत्यावश्यक' अशी वेगळी यादी झाली. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधं आहेत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, रुग्णालयाला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ही एकच मान्यता लागते. लोक तिला आरएमआय म्हणतात. ती मिळाली की रुग्णालय साठा ठेवू शकतं आणि तिथूनच पेशंटला गोळ्या देऊ शकतं.

तेव्हा चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरू नये. "जिल्ह्यात आरएमआय कुठलं?" हे विचारावं. कॅन्सर रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा रुग्णालयातला पॅलिएटिव्ह कक्ष, या क्रमानं. पेशंट अंथरुणावर असेल तर अनेक ठिकाणी घरचं माणूस ओळखपत्र आणि जुने कागद दाखवून गोळ्या नेऊ शकतं. आधी फोन करून खात्री करा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

औषधवाला

धन्यवाद साहेब. आपल्या जिल्ह्याचं ठिकाण शोधून, फोन नंबरासकट कागद काउंटरला लावतो.

आशेची_वाट

मी आशा सेविका आहे. शून्य ते दहा आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना समजत नाही. दहा म्हणजे काय, असं विचारतात. पण एका आजींना मी विचारलं, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" तर पटकन म्हणाल्या, "चौदा आणे." दुसऱ्या आठवड्यात विचारलं तर "सहा आणे राहिलं". शिकलेल्या माणसापेक्षा अचूक हिशोब. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी मी भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवते, जास्त दुखलं की लांब रेघ, कमी दुखलं की आखूड. डॉक्टरांना मोबाईलवर फोटो दाखवतो.

गोदाकाठ

आशेची_वाट, सोळा आण्यांचं मला कधी सुचलंच नसतं. आमच्या आजीला हेच कळलं असतं. फार मोलाचं सांगितलंत.

पाणवठा

मला थोडं वेगळं लिहायचंय, रागावू नका. माझे वडील अशाच तारखेची वाट बघत गेले. आम्ही ऊसतोडीवाले. वही नाही, परिचारिका बहीण नाही, डॉक्टरांच्या टेबलावर काही ठेवायची हिंमत नाही. खिडकीवर सांगितलं १५ तारीख, आम्ही १५ तारीख धरली. वडील ९ तारखेला गेले. शेवटचे चार दिवस ते उशीचं टोक दातात धरून होते, शेजारच्या पालांना आवाज जाऊ नये म्हणून.

तुमच्या अण्णांना आराम पडला याचा आनंदच आहे. पण वही असणाऱ्यांना वरच्या मजल्यावर नेतात, मग वही नसणाऱ्यांनी काय करायचं?

गोदाकाठ

पाणवठा, रागवायचा प्रश्नच नाही. दोन दिवस उत्तर लिहून खोडते आहे.

आम्ही गोळ्या घेतल्या म्हणून रांगेतल्या कुणाची जागा गेली नाही, हे मी स्वतःला सांगत होते. ते खरंही आहे. पण तुम्ही विचारताय ते वेगळं आहे. विचारण्याची जबाबदारी पेशंटवर असायलाच नको. खिडकीवर तारीख देणाऱ्यानंच विचारलं पाहिजे, "रात्री झोप लागते का? किती दुखतं?" आकडा मोठा निघाला की त्याच वेळी त्या माणसाला औषधाच्या खोलीकडे पाठवलं पाहिजे. त्याला मशीन लागत नाही की जास्तीचा डॉक्टर लागत नाही. रक्तदाब मोजतात तसं दुखणं मोजून केसपेपरवर लिहिलं पाहिजे. हे सगळं मी त्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्रानं कळवलंय. एकदा जाऊन भेटूनही आले. पुन्हा जाणार आहे.

अण्णांनी आखलेल्या पानाच्या कोऱ्या झेरॉक्स काढून पेशंट उतरतात त्या धर्मशाळेत ठेवल्या आहेत. पण वाचता न येणाऱ्याला त्या कागदाचा काय उपयोग, हे तुमचं लिहिणं वाचल्यावर लक्षात आलं. आता मागच्या बाजूला आण्यांची नाणी आणि लांब-आखूड रेघा छापून घेते.

तुमच्या वडिलांबद्दल काय लिहू. उशीचं टोक वाचलं आणि अण्णांची पलंगाची पट्टी डोळ्यांसमोर आली.

कोळिकोडची_सून

आम्ही १४ वर्षं केरळात, कोळिकोडला. इथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. तिथून ते काम गावोगाव पसरलं. २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच केलं, देशात पहिलं. आता पंचायतीच्या खर्चानं परिचारिका घरी येते.

आमच्या शेजारच्या अम्मांना स्तनाचा कॅन्सर होता, जखम चिघळलेली. सिस्टर आठवड्यातून दोनदा यायची. आधी चप्पल काढून अम्मांशेजारी खाटेवर बसायची, मग जखम धुवायची. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकायची. गोळ्या मोजायची, संपत आल्या असतील तर पुढच्या खेपेला घेऊन यायची. कॉलेजची दोन मुलं स्वयंसेवक म्हणून तिच्याबरोबर असत, एकजण दर वेळी अम्मांना पेपर वाचून दाखवायचा. अम्मांनी तारीख हा शब्द कधी ऐकला नाही. मला माहेरच्या लोकांसाठी हे हवंय.

वांद्र्याचा_जुना

मुंबई-पुण्याकडच्यांसाठी माहिती. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांची शुश्रूषा करणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. माझ्या पत्नीला वारज्यात ठेवलं होतं. लोकांना वाटतं तिथे फक्त शेवटचे दिवस काढायला जायचं. तसं नाही, दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना जखम धुणं आणि गोळ्या देणं शिकवून घरी परत पाठवतात. आम्ही १२ दिवसांनी घरी आलो आणि त्यानंतरची दिवाळी तिनं घरी केली. करंज्या तिनंच भरल्या, खुर्चीत बसून.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये पेन क्लिनिकला परिचारिका आहे. इकडे सगळं वेळेवर होतं असा तिकडे समज असतो, म्हणून लिहिते. नियम असा आहे की १०० पैकी ९२ पेशंटचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, आणि तो २०१६ पासून पाळला गेलेला नाही. कंबरदुखी, मज्जातंतूंचं दुखणं असलेले लोक फार थांबतात. ते आमच्यासमोर येतात तेव्हा दुखण्याच्या जोडीला झोप गेलेली असते, नोकरी गेलेली असते, माणूस हलायलाच घाबरत असतो.

पण कॅन्सरचं दुखणं त्या रांगेत उभंच करत नाहीत. त्याची वाट वेगळी, पॅलिएटिव्ह टीम थेट घरी जाते. इकडचं काही घ्यायचं असेल तर दोन रांगा वेगळ्या करण्याचं घ्यावं.

सुगरण७२

कॅन्सर नसलेलं दुखणं इथे विचारलं तर चालेल का? सासऱ्यांना गालात विजेचा झटका बसल्यासारखी सणक येते. तोंड धुताना, घास चावताना, वारं लागलं तरी. दाताचं समजून दोन दाढा काढल्या, फरक नाही. न्यूरोसर्जनची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. जेवण जवळजवळ बंद आहे.

भूलशास्त्र

वर्णनावरून ट्रायजेमिनल न्यूराल्जियासारखं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं वाटतंय, पण निदान तपासूनच होईल. दाढा काढून येणारे असे पेशंट आम्ही नेहमी बघतो. यावर नेहमीची वेदनाशामकं चालत नाहीत. पहिलं औषध कार्बामाझेपिन, ते कुठलाही फिजिशियन तपासून सुरू करू शकतो, न्यूरोसर्जनची वाट बघायची गरज नाही. रक्तातलं सोडियम तपासत राहावं लागतं, आणि अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. तारीख रद्द करू नका, ऑपरेशनचा विचार तिथेच होईल.

तुमच्या प्रश्नावरून एक सांगतो, सगळ्यांसाठी. तुम्ही 'सणक' लिहिलंत म्हणून मला अर्धं कळलं. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत आणि ओपीडीत येऊन सगळे एकच वाक्य बोलतात, "खूप दुखतंय." ठणका वेगळा. तो आत खोल, हाडात किंवा पू धरलेल्या जागी असतो, रात्री वाढतो. सणक, चमक, आग, मुंग्या, टोचल्यासारखं, हे बहुतेक नसेचं, त्याला गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं लागतात, नुसत्या मॉर्फिननं पुरतं भागत नाही. पिळवटणं, मुरडा, कळा येऊन जाणं, हे आतड्यांचं किंवा मूत्रमार्गाचं. नुसता स्पर्श सहन होत नसेल, अंगावरची चादरही टोचत असेल, तर तेही सांगा. घरात आईशी ज्या शब्दांत बोलता त्याच शब्दांत डॉक्टरांशी बोला. मराठी न येणारा निवासी डॉक्टर असेल तर सिस्टरना सांगा, त्या समजावून देतील.

जुनीविहीर

हा प्रतिसाद छापून घरी लावण्यासारखा आहे.

शेवंती

आणि एक विचारायचं होतं. मोठ्या काकांना फेंटानिलचा पॅच (कातडीतून दुखण्याचं औषध सोडणारी चिकटपट्टी) लावला आहे. थंडीत काकू त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवतात, चालतं का?

भूलशास्त्र

अजिबात नाही! आजच सांगा. उष्णतेनं पॅचमधलं औषध अंगात भराभर जातं, श्वास मंदावू शकतो. पिशवी, हीटिंग पॅड, शेकोटी, सगळं त्या जागेपासून लांब. जोराचा ताप आला तरी डॉक्टरांना कळवा. पॅच ७२ तासांनी बदलायचा, जागा बदलून, आणि जुना काढायला विसरायचं नाही. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. पहिला पॅच लावल्यावर पूर्ण आराम पडायला १२ ते २४ तास लागतात, तोवर गोळ्या लागतात.

उंबरठा

सगळा धागा काल रात्री वाचून काढला. सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर आहे, गिळता येत नाही, नाकातून नळी आहे. पेन क्लिनिकची तारीख १९ दिवसांनी. त्या बोलू शकत नाहीत, तळहातावर बोटानं आकडा लिहितात. काल रात्रभर माझ्या हातावर ८ लिहीत होत्या. उद्या सकाळी वही घेऊन निघतो आहोत. नळीतून मॉर्फिन देता येतं का?

भूलशास्त्र

येतं. साधी गोळी बारीक कुटून पाण्यात मिसळून नळीतून देता येते, नंतर नळीत पाणी सोडायचं. पण सावकाश सुटणारी, दिवसातून दोनदा द्यायची गोळी कधीही कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. नळी आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते साधी गोळी लिहितील. डोस इथे लिहीत नाही, तो वजन, किडनी आणि आधीची औषधं पाहून तेच ठरवतील.

गोदाकाठ

उंबरठा, खिडकीवर विचारायचं वाक्य पाठ करून जा. "ही तारीख प्रक्रियेची की औषधाची?" आणि आल्यावर नक्की लिहा.

उंबरठा

आत्ताच घरी पोहोचलो, रात्रीचे साडेनऊ झालेत. खिडकीवरच्या बाईंना ते वाक्य विचारलं. त्या क्षणभर थांबल्या, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, "औषधासाठी आजच जा, १४ नंबर." दीड तास बसावं लागलं, पण मिळालं. साधी गोळी, नळीतून, दर चार तासांनी. पहिली दुपारी दोनला तिथेच दिली. सहाच्या गोळीनंतर गाडीत त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि ५ लिहिला. थोड्या वेळानं पुन्हा लिहायला लागल्या, मला वाटलं वाढलं. पण अक्षरं होती. 'चहा.' नळीतून कोमट चहा दिला.

डॉक्टरांनी जुलाबाचं पातळ औषधही दिलंय. त्यांना तर आत्ता जुलाबाची काही तक्रार नाही, मग ते द्यायचं का?

भूलशास्त्र

द्यायचं, आजपासूनच, रोज. ते पोट साफ होण्यासाठी आहे, जुलाब थांबवण्यासाठी नाही. मॉर्फिननं बद्धकोष्ठता जवळजवळ सगळ्यांना होते आणि इतर त्रासांसारखी ती आपोआप कमी होत नाही. गोळ्या चालू तोवर ते चालू. मळमळ झाली तर पहिल्या काही दिवसांपुरतं वेगळं औषध मिळतं, फोन करून विचारा.

उंबरठा

रात्री द्यायचं की सकाळी?

भूलशास्त्र

रात्री, दहाच्या गोळीबरोबर. आणि रात्री दोनची गोळी द्यायला उठायचं की झोपताना वाढवून द्यायची, हे उद्या त्यांनाच फोन करून विचारा. आज मात्र गजर लावा.

उंबरठा

लावला.